राखलेला आवाज

यंदाही देवळात भोपळे आले. कापणीच्या सणाच्या आदल्या दिवसापासून वेदीपुढं रास लागायला लागते. बाजरीची कणसं, सोयाबीनची पोती, परसातले पेरू, सीताफळं, पाय बांधलेला एखादा कोंबडा, भुशात ठेवलेली अंडी. आमचं घाटनांदूरचं ख्रिस्ती देऊळ पत्र्याचं आहे. तापलेल्या पत्र्याखाली पिकल्या पेरूंचा वास असा कोंडतो की दारातच पाय थबकतात. यंदा माझे जरा जास्तच थबकले. आत मंडळी खोळंबली होती, कारण ढोलकी माझ्या काखेत होती. पण उंबरा ओलांडवेना. मार्था गेल्यानंतरचा हा पहिला सण.

पाळकसाहेब बाहेर आले. वयानं माझ्या मुलासारखे आहेत. हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, नसंल जमत तर राहू द्या यंदा."

"मग हे हात कुठं नेऊन ठेवू?" मी म्हणालो. जरा तोडूनच बोललो आणि आत शिरलो. स्वभावच तसा आहे, त्याला काय करणार! शाळेत पोरं घाबरायची, घरात मात्र कुणी घाबरलं नाही. घाबरायला होतं कोण? एकटी मार्था, आणि ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

मार्था माझी बायको. पण हे म्हणायला मला फार कमी वेळा मिळालं. चकलांब्याला जा, नांदूरघाटला जा, नाहीतर अंबाजोगाईच्या बाजारात उभे राहा, लोक मलाच दाखवून सांगायचे, "हे मार्थाबाईंचे मालक." जिथं म्हणून चार ख्रिस्ती घरं आहेत, तिथं मार्थाबाईंचं गाणं गेलेलं होतं. नाताळच्या फेऱ्या, संजीवन सभा, बारसं, लग्न, मयत. मयतीला तर तिच्याशिवाय माती ढकलायची नाही, असा काही घरांचा हट्टच असायचा. ती गायची आणि मी मागं बसून ढोलकी वाजवायचो. उभा जन्म मी तिला पाठमोरंच ऐकलं. तिचा अंबाडा, मानेवरची काळ्या मण्यांची पोत आणि वरची पट्टी घेताना उजवीकडं कलणारं डोकं, एवढंच मला दिसायचं. चेहरा समोरच्या लोकांना.

आमच्या सणाची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उपासना झाली की अर्पणात आलेल्या वस्तूंचा अंगणात लिलाव होतो. ज्यानं वस्तू घेतली त्यानं ती घरी न्यावी, किंवा "परत देवाला" म्हणून टेबलावर ठेवावी. मग तिची पुन्हा बोली. मानाची गोष्ट समजतात ती. एकेक कोंबडा असा इतक्या वेळा विकला जातो की शेवटी तोच कंटाळून मान टाकून बसतो. ज्याला शेत नाही त्यानं हातचं काही आणावं. कुणी वाकळ शिवून आणतं, कुणी दोरखंड वळून, कुणी केरसुण्या.

लग्न होऊन मार्था आली त्या वर्षी तिच्या हातात काहीच नव्हतं. तिचं माहेर ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. गावात नावाला एक खोली. नवी नवरी रिकाम्या हातानं सणाला आली म्हणून बायकांची कुजबूज सुरू झाली. मी खाली मान घालून बसलो होतो. आणि ही उभी राहिली की हो!

"माज्याकडं पेरू न्हाई का पायली न्हाई," ती म्हणाली. "म्या गानं आनलंय. ते काढा लिलावात."

सगळं देऊळ हसलं. तेव्हाचे म्हातारे पाळक मात्र हसले नाहीत. त्यांनी टेबल पुसून घेतलं, जणू गाणं खरंच त्यावर ठेवायचं आहे, आणि बोली पुकारली. एका म्हाताऱ्यानं ते घेतलं आणि म्हणाला, "इथंच म्हण, पोरी." तिनं म्हटलं. तिचं तिनंच केलेलं होतं:

पाचटाच्या कोपीमंदी
आज दिवा कुनी लावला
राजा आभाळाचा माज्या
उसाच्या फडात आला

गाणं संपलं. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि "परत देवाला" म्हणाला. त्या दिवसापासून दर सणाला मार्थाचं गाणं लिलावात निघायला लागलं. घेणारा सांगेल तिथं आणि सांगेल तेव्हा ती जाऊन म्हणायची.

गाणं ती पोरवयात कारखान्याच्या तळावर शिकली, म्हणजे कुणी शिकवलं नाही. दिवसभर मोळ्या बांधून आई-बाप परतायचे, चुली पेटायच्या, आणि उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीच्या, म्हणजे कोपीच्या, तोंडाशी बसून ही धाकट्या भावाला झोपवायची. शेजारच्या कोपीत एक म्हातारी पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची गोष्ट ऐकून मार्थानं विचारलं, "गव्हान म्हंजी काय, बैलाची का? मग आमच्यावानीच की!" आणि तिच्या मनात तो जन्म पाचटाच्या कोपीतच झाला, तो कायमचा. पुढं तिच्या गाण्यांची कॅसेट निघाली, तेव्हा शहरातला रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "बाई, कोपी कुणाला कळणार? गोठा म्हणा." ही म्हणाली, "मग तुमीच म्हना. आमी चाललो." चप्पल घालून निघालीसुद्धा! मी ढोलकी घेऊन मधल्यामधी. शेवटी कोपीच राहिली. आणि गंमत अशी, की ती कॅसेट देवळांपेक्षा उसाच्या ट्रॅक्टरवर जास्त वाजली. वाजवणारे सगळे काही ख्रिस्ती नव्हते. त्यांना कोपी कळत होती.

हे सगळं तिच्या वैभवाचं झालं. पण तुरीला फुलं आली आणि हवेत गारवा सुटला की मला आठवतो तो एकच हंगाम. कापणीच्या सणापासून नाताळापर्यंतचा.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला तिच्या गळ्याशी गाठ दिसायला लागली. आधी सुपारीएवढी. ती पदर वर ओढून घ्यायची. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ होते. म्हणाले, गाठ काढावीच लागेल, न काढून चालायचं नाही. पण आवाजाची नस तिला अगदी चिकटून आहे. ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री मी देणार नाही.

मार्थानं लगेच विचारलं, "नाताळापतुर थांबलं तर जीव जाईल का?"

डॉक्टर म्हणाले, एवढ्यात जीव जाणार नाही, पण त्यापुढं एक दिवसही थांबू नका. आणि तोवर घसा जपा. बोलणं कमी करा.

"करते की," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी म्हणालो, "मार्था, आधी गाठ काढून टाकू. गाणं काय, होईल नाही होईल." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कुणी परका माणूस तिच्या सीटवर येऊन बसलोय. मग म्हणाली, "जाणारच हाय तर जाऊ द्या. पर हातात हाय तवर देवाचं देवाला देऊन टाकते. एवढा एक हंगाम गाते, मग तुमी म्हनसाल तसं." ते घाटनांदूरचा फाटा येईपर्यंतचं बोलणं. घरी आलो आणि तिनं बोलणं थांबवलं.

थांबवलं म्हणजे थांबवलंच. तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. घसा फक्त गाण्यासाठी ठेवायचा, संसारात तो झिजवायचा नाही, असं तिनं ठरवलं. आता ज्यांना मार्था माहीत होती त्यांना हे पटणार नाही, कारण बोलण्यात तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. सकाळी डोळा उघडल्यापासून टकळी सुरू. शेळीशी बोलायची, चुलीशी बोलायची, न पेटणाऱ्या लाकडाला शिव्या घालायची, माझ्याशी तर भांडणच. मी पेपर वाचत बसलो की, "हां, वाचा वाचा, त्यात तुमचं नाव छापलंय का बघा." कितीदा मी हात जोडून म्हणालो असेन, "अगं बये, जरा तोंडाला विसावा दे." आणि आता ती विसावा देत होती.

घरात खुणा आल्या. ताटलीवर चमचा वाजला की जेवायला या. दाराची कडी वाजली की बाहेर कुणी आलंय. रागावली की भांडी आपटायची, तेवढी एक भाषा मला पहिल्यापासून कळत होती. घर इतकं गप्प झालं की शेळीसुद्धा दारातून आत डोकावून बघायची. आणि रविवारी देवळात हीच बाई उभी राहायची आणि आवाज असा सुटायचा की पत्रे थरथरावेत. मी मागं बसून वाजवायचो आणि, खरं सांगतो, मला त्या लोकांचा हेवा वाटायचा. देवाला आवाज, मंडळीला आवाज, आणि मला ताटलीची टकटक!

एकदा न राहवून बोललोच. "माझ्याशी दोन शब्द बोललीस तर काय आभाळ कोसळणार आहे? मी काय कुणीच नाही?" ती भाकरी थापत होती. पीठ लागलेल्या हातानं तिनं माझा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. गाठ हाताला लागली. सुपारीची आता लिंबाएवढी झाली होती. मी हात काढून घेतला. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

गाठीचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही सांगू दिलं नाही. "बाई आजकाल कमी बोलतात, अध्यात्मात गेल्यात," असं लोक म्हणायचे. आणि त्यामुळंच त्या वर्षीच्या सणाला जे घडलं ते घडलं.

लिलाव सुरू झाला. भोपळे गेले, कोंबडा गेला, वाकळा गेल्या. मग मार्थाचं गाणं निघालं. पहिल्यांदा घेणारा म्हणाला, "आत्ताच म्हणा, बाई." तिनं म्हटलं. तो म्हणाला, "परत देवाला." टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं घेतलं, तिनं म्हटलं, "परत देवाला." मग तिसरा. लोकांना मानच द्यायचा होता तिला. जितक्या वेळा गाणं परत येईल तितका मान मोठा! आणि तीही थांबेना. टेबलावर ठेवलेली वस्तू मागं घ्यायची नसते, एवढंच तिला ठाऊक. मी मागून बघत होतो. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. डोकं उजवीकडं कलायचं ते आता थरथरत होतं. मी ताल जरा आवरता घेतला, तर तिनं मागं न बघता हातानं खूण केली, वाजवा. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बाबांनो, थांबा! तुम्ही कोंबडा विकत नाही आहात. पण गाठीचं कुणाला सांगणार नाही, असं तिला वचन दिलेलं.

हसनभाई कोपऱ्यात आपल्या गाड्यापाशी उभे होते. हसनभाई बागवान, फळांचे व्यापारी. दर सणाला ते लिलावातली सीताफळं आणि पेरू घ्यायला यायचे. गाण्याच्या बोलीत ते कधी पडले नव्हते. त्या दिवशी अचानक त्यांनी हात वर केला आणि अशी बोली दिली की सगळे गपगार. गाणं त्यांचं झालं.

"म्हना बाई, हसनभाईंसाठी!" कुणीतरी ओरडलं.

"न्हाई," हसनभाई म्हणाले.

"मग परत देवाला?"

"परत बिरत काय न्हाई. माल माझा हाय. माझा मी घरी नेनार." ते पुढं आले, टेबलासमोर उभे राहिले. "वैनी, बसा तुमी आता. मी सांगंन तवाच म्हनायचं. तवर कुनी मागितलं तरी द्यायचं न्हाई."

लोक जरा नाराज झाले. बाहेरच्या माणसाला रीत कळत नाही, असंही कुणी पुटपुटलं. मार्था खाली बसली. तिची पाठ घामानं भिजली होती. नंतर पोती भरताना मी हसनभाईंजवळ गेलो. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "मास्तर, समदे वैनींचं तोंड बगत हुते. त्यांचा हात सारखा गळ्यापाशी जात हुता, कुनाला दिसंना. काय झालंय, तुमी सांगू नका. पर दवाखान्यात न्या." मी मान हलवली आणि पोत्याचं तोंड बांधायला लागलो.

त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. तिच्या माहेरचे लोक ट्रॅक्टरवर बसले होते. भांडी, कोंबड्या, गोधड्या, वर लेकरं. तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "आक्का, एक म्हन की. रस्ताभर पुरंल." ट्रॉलीचं फळकं धरून तिनं उभ्या उभ्या म्हटलं, हळू आवाजात, त्याला झोपवायची तसं. ढोलकी आणली नव्हती. मी पत्र्याची पेटी वाजवली. ट्रॅक्टर गेल्यावर ती धुळीत बराच वेळ उभी राहिली.

नाताळच्या उपासनेला वरची पट्टी घेताना तिचा आवाज एकदा चिरला. मला तो पाठीमागून, तिच्या पाठीतूनच ऐकू आला. लोकांना वाटलं, बाई दमल्या.

ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळं कुणावर रागवायचीही सोय नव्हती. उरलं ते नुसतं वारं, कोरड्या पानांवरून चालल्यासारखं. त्या वाऱ्यात ती काही वर्षं राहिली. देवळात पुढचा बाक सोडून शेवटच्या बाकावर बसायला लागली. मंडळी तिचंच गाणं गायची तेव्हा तिचे ओठ हलायचे. कुणाच्या मोबाईलवर तिचं जुनं गाणं लागलं की उठून परसात जायची. मला वाटायचं, तिला सोसत नाही. एकदा विचारलं, तर कानाशी येऊन म्हणाली, "लई चांगली म्हनायची हो ती बाई." त्या बाईबद्दल असं बोलली, जणू ती कुणी शेजारीण होती आणि गाव सोडून गेली.

हसनभाई मोसंबी घेऊन आले होते बघायला. तिनं त्यांच्यापुढं हात जोडले, मग स्वतःच्या गळ्याकडं बोट दाखवलं. तुमचं गाणं राहिलं, असं तिला म्हणायचं होतं. हसनभाई म्हणाले, "असू द्या वैनी. मी कुटं मागितलंय?" आणि मोसंबी सोलत बसले. कुणी खाणारं नव्हतं, तरी सोलत राहिले.

यंदा पावसाळ्यात गाठ परत आली आणि या खेपेला तिला घेऊनच गेली. मयतीला गाणार कोण? दुसऱ्यांच्या मातीला ती होती. कुणीतरी मोबाईलला मोठा स्पीकर जोडला आणि तिचंच गाणं लावलं. मार्थाच्या मयतीला मार्थाच गायली. बायका ओक्साबोक्शी रडल्या, हसनभाई रुमालात तोंड घालून उभे राहिले. मला रडू आलं नाही. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, पण माझा नव्हता. तो मी नेहमी मागं बसून ऐकला होता.

माझ्या वाट्याचा आवाज मला एका दुपारी मिळाला होता. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी. वॉर्डातल्या बायकांना कुठून तरी कळलं, की ह्या त्याच मार्थाबाई. त्या भोवती जमल्या. "बाई, उद्याचं काय सांगावं, एक म्हना." मार्था उठून बसली आणि म्हणाली, "न्हाई. आज गानार न्हाई. गायाचं तेवढं गाऊन झालं माजं." आणि मला घेऊन बाहेर कडुलिंबाच्या पारावर येऊन बसली.

आणि बोलायला लागली.

अरे देवा, काय बोलली ती! दोन महिन्यांचं साठलेलं सगळं. पत्र्यातनं कुठं गळतं ते. शेळीला कुठला पाला घालायचा नाही ते. माझा चौकड्याचा सदरा मला कसा शोभत नाही, आणि हे मला सांगायचं ती कधीपासून थांबली होती ते. शेजारणीनं नेलेली परात. लग्नात माझ्या आत्यानं मारलेला टोमणा, तोसुद्धा नकलेसकट! मी हसत होतो आणि डोळ्यांना धार लागली होती. मधेच म्हणालो, "मार्था, घसा जप गं." तर ती म्हणाली, "कावून? कुनासाटी जपू आता? समद्यांचं देऊन झालं. हे तुमचं राहिलंतं." पुन्हा सुरू. ऊन पारावरून उतरून भिंतीवर गेलं तरी तिचं संपेना. माझ्या खिशात मोबाईल होता. तिचं गाणं मी शेकडो वेळा त्यात घेतलं असेन. त्या दुपारी हात खिशाकडं गेलाच नाही. बायको बोलते ते कोण भरून ठेवतं?

सकाळी सिस्टर तिला न्यायला आल्या. हिरवे कपडे घालून ती लांबलचक व्हरांड्यातून चालत गेली. टोकाला पोचली, वळली, आणि इतक्या लांबून मला ऐकू येईल अशा मोकळ्या आवाजात ओरडली, "अहो, डब्यात भाकरी हाईत. खाऊन घ्या, वाळून जातील!" सगळा व्हरांडा बघायला लागला. सिस्टर हसल्या. ती आत गेली.

तिची गाणी सगळ्यांकडं आहेत. घाटनांदूरपासून पार फडापर्यंत कुणाच्याही मोबाईलवर सापडतील. हे एक वाक्य तेवढं कुणाकडं नाही. मी ते रोज आठवायला बसतो. शब्द सगळे येतात, एकही चुकत नाही. पण ते म्हणणारा आवाज धरायला गेलो, की मधेच तिचं गाणं सुरू होतं आणि सगळं झाकून टाकतं.